नाशिकचा मुडदूस

मुडदूस हा शब्द आम्ही प्रथम दादीच्या तोंडून ऐकला. पाय वाकलेले मूल दिसले की मोहल्ल्यातल्या बायका म्हणत, नजर लागली. नजर नव्हे, काळोख लागला होता. हे सिद्ध करणारा एक पुरावा आपल्या नाशिकनेच दिला, ही गोष्ट आपल्यात फारशी कुणी सांगत नाही.

१९२१ आणि १९२२ साली डॉ. हचिसन यांनी भारतीय सहकाऱ्यांसह मुडदुसावरील आपली पाहणी प्रसिद्ध केली. खाण्यातल्या उणिवेने हा रोग होतो, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत. तसे असते तर गरिबांची मुले आधी आजारी पडायला हवी होती. दिसले ते उलटेच. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या बायका आणि त्यांच्यासोबत वाढणारी मुले बहुतांशी निरोगी होती. खाऊनपिऊन सुखी, पडदा पाळणाऱ्या मुसलमान घरांत मात्र रोग ठाण मांडून होता. उच्चवर्णीय हिंदू घरांतही होता. तान्ही बाळे महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत राहत. मुलगी वयात आली की तिचे ऊन बंद होई. अशा बायकांची हाडे मऊ पडत, कटीचे हाड आकसे आणि बाळंतपण जिवावर बेते. खानदानाच्या इज्जतीसाठी बुजवलेल्या खिडकीची किंमत बायकांनी मोजली.

आज कारण आठवीच्या मुलींनाही सांगता येते. सूर्याचे अतिनील किरण त्वचेवर पडले की शरीर ड जीवनसत्त्व तयार करते. त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम हाडांना नीट लाभत नाही.

सगळा दोष पडद्यावर टाकणे आम्हाला पटत नाही. चौकाचे जुने घर पडदा आणि ऊन दोन्ही सांभाळी. चारी बाजूंना भिंती, वर मोकळे आभाळ. चौक गेले, फ्लॅट आले, बाल्कनीला काळी काच लागली. काच साधी असली तरी उजेड येतो, पण हे किरण जवळजवळ अडतातच. बंद तावदानाआड तासभर बसून चेहरा तापेल, हाडांना काही मिळणार नाही. तावदान उघडावे लागते, नाहीतर गच्ची गाठावी लागते.

आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप आहे. बायकांसाठी सकाळी दहा ते बारा ती उघडावी, असा अर्ज आम्ही गेल्या हिवाळ्यात दिला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, पाण्याच्या टाक्या आहेत, बघू. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.