वृक्ष, श्वान आणि पुतळा : नगरनियमांच्या इतिहासातील तीन प्रकरणे



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना अभिवादन करून मी आजच्या विषयाकडे वळतो. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. नगराचा इतिहास मात्र घराच्या उंबरठ्याबाहेर सुरू होतो. दारापुढचे झाड कोणाचे, गल्लीतले कुत्रे कोणाचे आणि चौकातला पुतळा कोणाच्या संमतीने उभा राहिला, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु राज्यसत्ता आणि सामान्य नागरिक यांची रोजची गाठ याच ठिकाणी पडते.

वृक्षांपासून प्रारंभ करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरातील उपवनांच्या फुला-फळांच्या व सावलीच्या वृक्षांना इजा करणाऱ्यास क्रमाने वाढत जाणारा दंड सांगितला आहे. कोवळा अंकुर तोडल्यास 6 पण, लहान फांदी तोडल्यास 12 आणि मोठी फांदी तोडल्यास 24 पण. खोडावर घाव घातल्यास त्याहून जबर शिक्षा, आणि सीमेवरील वा पूज्य वृक्ष असेल तर दंड दुप्पट. सावली ही मोजता येण्याजोगी सार्वजनिक संपत्ती आहे, ही जाणीव या हिशेबात स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले आज्ञापत्र याच्याही एक पाऊल पुढे जाते. आरमारासाठी लाकूड हवे, हे त्यांना मान्य आहे. परंतु आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, असे ते बजावतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, हे त्याचे कारण. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊनच ते घ्यावे. येथे नियमाचा आधार दंड हा नसून प्रजेचे दुःख हा आहे. झाड तोडणारा हात सरकारचा असला, तरी तोही या नियमातून सुटत नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

आता आपल्या शहराकडे येऊ. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस 1914 साली भारतात आले. आपल्यासोबतचे नगररचनेचे प्रदर्शन त्यांनी जहाजाने पाठविले होते. ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरीही न खचता त्यांनी नवे प्रदर्शन उभे केले आणि गावोगाव पायी हिंडून पाहणी केली. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात ते इंदुरात आले आणि 1918 साली त्यांचा इंदूरविषयीचा द्विखंडी अहवाल प्रसिद्ध झाला.

त्या काळी शहरसुधारणेचा रूढ अर्थ जुनी वस्ती पाडून तीमधून सरळ रुंद रस्ता काढणे, असा होता. गेडीस यांनी याला ठाम विरोध केला. रोग्याचा अवयव तोडण्यापूर्वी वैद्य नाडी पाहतो, त्याप्रमाणे नगराचे आधी निदान करावे आणि शस्त्रक्रिया अगदी आवश्यक तेवढीच करावी, अशी त्यांची भूमिका होती. पडकी घरे काढून जी मोकळी जागा मिळेल तेथे झाड लावावे, बसण्याची सोय करावी. गल्ल्यांमधले जुने वृक्ष, विहिरी आणि देवळांपुढील अंगणे राखावीत, असा त्यांचा आग्रह असे. खर्चिक गटारयोजनेऐवजी सांडपाणी बागांना द्यावे, असेही त्यांनी सुचविले. अंगणातील तुळशीला त्यांनी सुव्यवस्थित घराचे चिन्ह मानले, हे एका परक्या माणसाच्या दृष्टीचे मोठेच लक्षण होय.

प्लेगच्या दिवसांतील त्यांची दिवाळीची मिरवणूक तर प्रसिद्धच आहे. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, उंदीर होते, आणि सफाई कामगार शुभ्र वस्त्रे घालून सन्मानाने चालले होते. लोकांनी आपणहून घरे झाडली, रंगविली, कचरा बाहेर काढला. हुकूम आणि दंड यांनी जे साधत नव्हते, ते उत्सवाने साधले. 2017 पासून वर्षानुवर्षे इंदूर देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत अग्रस्थानी राहिले, तेव्हा मला ही मिरवणूक वारंवार आठवली.

दुसरे प्रकरण श्वानांचे. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारच्या काळात होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे 8 आणे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने पोलीस लोकांच्या घरांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात श्वानाला पवित्र स्थान आहे. परिणामी 6 जून 1832 रोजी मुंबईत दंगल उसळली, बाजार बंद झाले आणि फौजेची रसद अडली. पुढे 1834 साली जमशेटजी जिजीभाईंसारख्या धनिकांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. नियमाचा हेतू आरोग्याचा होता, हे नाकारता येत नाही. परंतु अंमलदाराचा लाभ हत्येच्या संख्येशी जोडला गेला की नियम कसा बिघडतो, याचा हा धडा आहे.

हा वाद आजही मिटलेला नाही. 2001 च्या केंद्रीय नियमांनी कुत्र्यांना न मारता त्यांची नसबंदी व लसीकरण करून पुन्हा त्याच जागी सोडावे, असे ठरविले. 2023 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हटविण्याचा आदेश दिला. ज्या मातेच्या लेकराला कुत्रे चावले तिचे भय खरे आहे आणि मुक्या जीवाला भाकरी घालणाऱ्या वृद्धाची करुणाही खरी आहे. या दोघांनाही जागा देणारा नियम करणे, ही नगरपालिकेची खरी कसोटी होय.

तिसरे प्रकरण पुतळ्यांचे. ते थोडक्यात सांगतो. मुंबईत अश्वारूढ एडवर्ड राजाचा पुतळा 1965 साली चौकातून हलविण्यात आला. तरी लोकांनी त्या चौकाचे ‘काळा घोडा’ हे नाव सोडले नाही, आणि 2017 साली तेथे स्वाराविना घोडा पुन्हा उभा राहिला. राजा गेला, घोडा राहिला! लोक शिल्पाला आपले करतात ते असे, स्वतःच्या मर्जीने. दुसरीकडे, रस्ते व पदपथ अडविणारे नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी दिला. आपल्या माळव्याला या कलेचे वावडे नाही. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे रघुनाथराव फडके धारला स्थायिक झाले. आणि ज्या देवळालीकर गुरुजींनी 1927 साली इंदुरात चित्रशाळा सुरू केली, त्यांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन शिकले. प्रश्न कलेच्या अभावाचा नाही. चौकात काय उभे राहावे हे ठरविताना तेथून रोज ये-जा करणाऱ्याला कोणी विचारतो का, हा आहे.

या तिन्ही प्रकरणांतून मला एकच सूत्र दिसते. कायद्याची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. महाराष्ट्रात 1975 पासून आणि मध्य प्रदेशात 2001 पासून शहरी वृक्षांच्या रक्षणाचा कायदा आहे. तरीही ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत, न्यायालयाचा मनाईहुकूम येण्यापूर्वीच, दोन हजारांहून अधिक झाडे पडली. आपल्या इंदुरात 14 जुलै 2024 रोजी एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि जागतिक विक्रम झाला. या उत्साहाचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र अमात्यांचे वाक्य ध्यानी ठेवले पाहिजे : झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही. साठ वर्षांच्या चिंचेची सावली एका रोपाच्या बदल्यात जमेस धरता येत नाही. परवानगीचा कागद हातात पडण्यापूर्वी त्या सावलीत बसणाऱ्या भाजीवाल्या बाईला, रिक्षावाल्याला, शाळकरी मुलाला आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. एरवी कायदा असूनही नसल्यासारखाच.

म्हणून या शाळेपुढे मी एक विनंती ठेवतो. गेडीस यांनी हे शहर पायी फिरून पाहिले. आपल्या विद्यार्थ्यांनीही शाळेच्या भोवतालचे रस्ते तसेच पाहावेत. प्रत्येक मोठ्या झाडाची जात, घेर आणि त्याच्याविषयी जुन्या रहिवाशांना असलेली माहिती एका वहीत उतरवावी आणि दरवर्षी नव्या वर्गाने ती तपासावी. उद्या एखाद्या झाडावर खूण पडली, तर ‘येथे झाड होतेच कोठे?’ असे म्हणण्यास कोणाला वाव राहणार नाही. ज्या गुरुजनांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांना अशा वहीहून उचित स्मारक मला तरी सुचत नाही.