नागनदीच्या काठाने

गोंदिया शहरालगतचे कुडवा हे गाव वैनगंगेच्या खोऱ्यात मोडते. तेथून सुमारे 130 किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या नागनदीचे पाणीही कन्हानमार्गे अखेर वैनगंगेसच मिळते. गोंदियाहून लोहमार्गाने नागपुरास येणाऱ्या अभ्यासकाने ही नदी केवळ पुलांवरून न पाहता काठाकाठाने पाहावी.

प्रारंभ पश्चिमेकडील अंबाझरी तलावापासून करावा. तेथून नदी सीताबर्डीच्या दक्षिणेने पूर्वेकडे जाते. सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये भोसल्यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली. पुढे मोक्षधाम, अशोक चौक व जगनाडे चौक लागतात. उत्तरेस महालाची जुनी वस्ती आहे. देवगडच्या बख्त बुलंदशहाने 1702 च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने नगरास कोट घातला व जुम्मा तलाव बांधविला. पुढे रघूजी भोसल्यांनी येथेच राजधानी केली.

नगराला नाव या नदीवरून मिळाले, असे मानले जाते. तथापि नगर वाढले तसे सांडपाणी तिच्या पात्रात येऊ लागले आणि लोक तिला नाला म्हणू लागले. आज काठाने सलग वाट नाही. घरे व भिंती आड येताच गल्लीबोळांतून वळसा घ्यावा लागतो. परंतु नाव बदलल्याने जमिनीचा उतार बदलत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या अतिवृष्टीत अंबाझरी ओसंडला, नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, आणि ज्यास नाला म्हटले जात होते ती नदीच आहे, हे नगरास पुन्हा कळून आले.