ध्रुवीय रात्रीची हस्तलिखिते

'दर्पण' निघण्याच्या बारा वर्षे आधी, १ नोव्हेंबर १८१९ रोजी, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बऱ्याच वर, मेल्व्हिल बेटाच्या किनाऱ्याशी गोठून पडलेल्या दोन जहाजांवर एक साप्ताहिक सुरू झाले. 'नॉर्थ जॉर्जिया गॅझेट अँड विंटर क्रॉनिकल' हे त्याचे नाव. ते हाताने लिहिलेले होते. त्याचा संभाव्य वाचकवर्ग शंभराच्या आत होता आणि तो सगळा 'हेक्ला' व 'ग्रायपर' या दोन जहाजांवरच राहत होता. त्याच आठवड्यात सूर्य जो मावळणार होता, तो थेट फेब्रुवारीत उगवणार होता.

या नियतकालिकाची नोंद वाङ्मयेतिहासात सहसा सापडत नाही. ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासात ती सापडते, पण तिथे तिची जागा करमणुकीच्या परिच्छेदात, बॅरल-ऑर्गन आणि नाताळच्या मेजवानीच्या शेजारी असते. आम्हांला ही वाटणी मान्य नाही. माणसे अतिविषम परिस्थितीत कशी तग धरतात, एवढेच नव्हे तर काम कसे करत राहतात, या प्रश्नाचे एक उत्तर या हस्तलिखितांत आहे. ते उत्तर वाङ्मयाच्या अभ्यासकांनी वाचले पाहिजे, कारण ते वाङ्मयाच्या एका प्रकाराविषयीच आहे.

मोहिमेचा प्रमुख होता लेफ्टनंट विल्यम एडवर्ड पॅरी. अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणारा वायव्य मार्ग शोधण्यासाठी ब्रिटिश आरमाराने त्याला पाठवले होते. हिवाळ्यात जहाजे अडकणार, हे त्याला ठाऊक होते आणि त्याची तयारीही होती. खलाशांनी लिंबाचा रस अधिकाऱ्यासमोर प्यायचा, असा नियम होता. पॅरीने आपल्या खोलीत, स्टोव्हच्या नळकांड्याच्या उबेत, मोहरी आणि हालिमाची रोपे उगवली व स्कर्व्ही झालेल्यांना ती खाऊ घातली. बाहेर पडणे अशक्य असेल त्या दिवशी खलाशांना ऑर्गनच्या तालावर डेकभोवती धावावे लागे. दर पंधरवड्याला नाटक होई. ५ नोव्हेंबरला डेव्हिड गॅरिकच्या एका प्रहसनाने रंगभूमीचे उद्घाटन झाले, आणि नाताळच्या सुमारास या मोहिमेवरच बेतलेले एक नवे संगीत नाटक जहाजावरच लिहून सादर झाले. नटांना शून्याखालच्या तापमानात स्त्रीवेषात उभे राहावे लागे. हौशी रंगभूमीच्या आपल्याकडील हालअपेष्टांच्या कहाण्या आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. ही त्यांत बसावी.

साप्ताहिकाचे संपादन एडवर्ड सबाइन या तोफखान्यातील अधिकाऱ्याकडे होते. खगोल आणि चुंबकत्व यांची निरीक्षणे हे त्याचे मोहिमेवरील खरे काम. २० मार्च १८२० पर्यंत त्याने एकवीस अंक काढले. त्यांत विनोदी पत्रे, पद्ये, नाटकांची परीक्षणे असा मजकूर असे. हे अंक १८२१ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा ते वाङ्मय म्हणून कोणाला थोर वाटले नाहीत. आज आम्हांलाही वाटत नाहीत. विनोद बेताचा आहे, पद्ये शाळकरी आहेत. परंतु या अंकांतून पुन्हा पुन्हा येणारा एक विषय आमच्या ओळखीचा निघाला. जे लिहीत नाहीत त्यांची टवाळी! 'एन. सी.', म्हणजे 'नॉन-कॉन्ट्रिब्यूटर', या आद्याक्षरांनी हे मौनी लोक तिथे हिणवले जातात. महाविद्यालयात ज्याने एकदा तरी भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित चालवले आहे, त्याला या टवाळीमागची संपादकाची अगतिकता समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रश्न असा, की जिथे काहीच घडत नाही तिथे वृत्तपत्र कशाला? बाहेरची डाक नाही, बातमी नाही. जे घडले ते सर्वांच्या डोळ्यांदेखतच घडलेले. 'कलेने मनावरचा ताण हलका होतो' हे उत्तर नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण त्यासाठी साप्ताहिकच कशाला हवे, हे त्यातून कळत नाही. आपल्या भाषेत या वाङ्मयप्रकाराला जो शब्द आहे, त्यातच याचा उलगडा आहे असे आम्हांस वाटते: नियतकालिक. ध्रुवीय रात्रीत सर्वांत आधी विरघळतो तो काळ. उजाडत नाही, मावळत नाही. झोप कुठे संपली आणि जाग कुठे सुरू झाली हे शरीराला सांगता येत नाही. अशा ठिकाणी सोमवारी अंक निघणार, त्यासाठी त्याआधी मजकूर द्यावा लागणार, एवढ्याने आठवडा नावाची वस्तू पुन्हा अस्तित्वात येते. इतरत्र नियतकालिक काळाच्या मागून चालते. इथे ते काळ नियत करते. मजकूर सामान्य असला तरी चालतो. अंक चुकून चालत नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिहिणारे अधिकारी होते. नटही तेच. खलाशी प्रेक्षागृहात. पॅरीच्या जहाजांवर इंग्लंडमधील समाज आपल्या पायऱ्यांसकट आला होता, आणि साप्ताहिकाने जो काळ सांभाळला तो प्रथमतः वरच्या पायरीचा होता. खालच्या डेकवरच्या माणसाने तो अंधार कसा काढला, हे गॅझेटमधून कळत नाही.

अंटार्क्टिक प्रदेशात माणसांनी पहिला हिवाळा काढला तो 'बेल्जिका' जहाजावर, आद्रियाँ द झेर्लाशच्या नेतृत्वाखाली. मार्च १८९८ मध्ये हे जहाज बेलिंग्सहाउझेन समुद्रातील बर्फात सापडले आणि वर्षभर सुटले नाही. बेल्जियन, नॉर्वेजियन, पोलिश, रुमानियन, अमेरिकन अशी माणसे होती. एका भाषेत सर्वांशी बोलण्याचीही सोय नव्हती. मे महिन्यात सूर्य गेला. जूनमध्ये एमिल दाँको हा शास्त्रज्ञ मरण पावला, एका खलाशाचे मानसिक संतुलन गेले, बाकीच्यांचे पाय सुजले, नाड्या बिघडल्या. डॉक्टर फ्रेडरिक कुक आणि तरुण रोआल्ड आमुंडसेन यांनी सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला. झेर्लाशला त्या मांसाचा तिटकारा होता. कुकने रुग्णांना उघड्या अंगाने शेगडीसमोर बसवण्याचा उपचार सुरू केला. मांस पोटात जाऊ लागले तशी माणसे सावरली. 'बेल्जिका'ची आठवण इथे मुद्दाम ठेवली आहे. वाङ्मयाच्या अध्यापकांना वाङ्मयाचे सामर्थ्य वाढवून सांगण्याचा मोह असतो. स्कर्व्हीवर कविता चालत नाही.

पुढच्या मोहिमांनी दोन्ही धडे घेतले, मांसाचा काहीशा अनिच्छेने आणि नियतकालिकाचा आनंदाने. स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेत १९०२ च्या हिवाळ्यात 'साउथ पोलर टाइम्स' निघाला. संपादक अर्नेस्ट शॅकल्टन, चित्रे प्रामुख्याने एडवर्ड विल्सनची. अंक टंकलिखित, प्रत एकच. इथे खलाशांचाही मजकूर घेतला जाई. मजकूर एवढा आला, की नाकारलेल्या साहित्यासाठी 'द ब्लिझर्ड' नावाचे वेगळे पत्र काढावे लागले. त्याचा एकच अंक निघाला. 'साभार परत' आलेल्यांसाठी स्वतंत्र नियतकालिक काढण्याची ही कल्पना आपल्याकडील संपादकांना सुचली नाही, हे एका परीने बरेच झाले.

शॅकल्टनच्या स्वतःच्या मोहिमेत, १९०८ मध्ये, पंधरा माणसांच्या झोपडीत छापखाना आला. अर्नेस्ट जॉइस आणि फ्रँक वाइल्ड हे दोघे आरमारातील साध्या हुद्द्यांचे लोक. निघण्यापूर्वी लंडनला काही आठवडे ते छपाई शिकले होते. शाई गोठू नये म्हणून खाली मेणबत्ती पेटवून ठेवावी लागे. 'ऑरोरा ऑस्ट्रॅलिस' या ग्रंथाच्या सुमारे शंभर प्रती निघाल्या. बर्नार्ड डेने शिध्याच्या खोक्यांच्या फळ्यांची बांधणी केली. त्यामुळे कोणत्या प्रतीच्या मलपृष्ठाआड लोणी आणि कोणत्या प्रतीच्या आड काय, हे खोक्यावरच्या अक्षरांवरून आजही ओळखता येते. डग्लस मॉसन या भूशास्त्रज्ञाने त्यात एक अद्भुत विज्ञानकथा लिहिली. वाइल्डचाही लेख आहे. गॅझेटपासून नव्वद वर्षांत खालच्या डेकवरचा माणूस प्रथम मुद्रक आणि मग लेखक झाला होता.

याच मॉसनने पुढे ऑस्ट्रेलियन मोहीम नेली. १९१३ च्या हिवाळ्यात केप डेनिसनला, जिथला वारा जवळजवळ थांबतच नाही अशा जागी, सात माणसे होती. 'अडेली ब्लिझर्ड' निघत होता. डॉक्टर आर्चिबाल्ड मॅक्लीन संपादक. त्याच झोपडीत सिडनी जेफ्रीज हा बिनतारी संदेशवाहक त्या जुलैमध्ये आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे अशा समजुतीने ग्रासला गेला. ऑस्ट्रेलियात परतल्यावर त्याचे पुढील आयुष्य मनोरुग्णालयात गेले. आमच्या प्रतिपादनाला ही गोष्ट सोयीची नाही, म्हणूनच ती टाळता येत नाही. हस्तलिखित चालते ते थट्टेवर, आणि थट्टेला समोरच्यावर विश्वास लागतो. ज्याला शेजारच्या खाटेवरचे हसूच संशयास्पद वाटू लागले, त्याला सहा जणांच्या विनोदी नियतकालिकाने काय आधार द्यावा?

आता १९११-१२ कडे येऊ. स्कॉटच्या अखेरच्या मोहिमेत केप इव्हान्सच्या झोपडीत 'साउथ पोलर टाइम्स' पुन्हा सुरू झाला. पहिला अंक २२ जून १९११ रोजी, दक्षिणेकडील मध्यहिवाळ्याच्या दिवशी, सर्वांसमोर वाचला गेला. लेख निनावी, कोणी काय लिहिले याचे तर्क लढवण्यात गंमत. संपादक ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड. अंक काढून पाचच दिवसांनी हा संपादक विल्सन आणि बॉवर्स यांच्यासह एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी अंधारात निघाला. पाच आठवडे, उणे साठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरणारी थंडी, शेवटी हाती तीन अंडी. १९२२ मध्ये त्याने त्या मोहिमेवर 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' हा ग्रंथ लिहिला.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, २२ जून १९१२ रोजी, झोपडीत तेरा माणसे होती. ध्रुवाकडे गेलेले स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एव्हान्स हे आता जिवंत नाहीत, हे सर्वांना कळून चुकले होते. व्हिक्टर कॅम्पबेलची सहा जणांची उत्तर-तुकडीही परतली नव्हती. तीही गेली असावी अशी भीती होती. चेरी-गॅरार्डने तरीही अंक काढला. ते हस्तलिखित पुढे जवळजवळ शतकभर अप्रकाशित राहिले. ज्यांची चित्रे आणि ज्यांचे हसे आदल्या वर्षी त्या पानांवर होते, त्यांच्या रिकाम्या खाटांशेजारी तो अंक वाचला गेला असणार. सबाइनच्या अंकाला जेवढा अर्थ होता, त्याहून या अंकाला अधिक होता असे आम्ही मानतो.

कॅम्पबेलची तुकडी जिवंत होती. केप इव्हान्सपासून सुमारे दोनशे मैलांवर, जिला त्यांनी पुढे 'इनएक्स्प्रेसिबल' म्हणजे 'अवर्णनीय' असे नाव दिले त्या बेटावर, बर्फात खोदलेल्या गुहेत. जानेवारीत जहाज त्यांना काही आठवड्यांच्या शिध्यासह उतरवून गेले आणि समुद्रातील बर्फामुळे परत येऊ शकले नाही. गुहेत सरळ उभे राहता येत नव्हते. सीलच्या चरबीचे दिवे, सीलच्या चरबीची चूल, सील आणि पेंग्विन यांचेच जेवण; काजळीने सगळे काळे झालेले. एकाला जुलाबांनी पोखरले होते. दुसऱ्याच्या बोटांचे स्नायुबंध सील मारताना कापले गेले होते. साखर मोजून दर रविवारी मिळे. रविवारीच प्रार्थना होई.

या गुहेत कॅम्पबेलने बुटाच्या टाचेने जमिनीवर एक रेष ओढली. रेषेच्या एका बाजूला तीन अधिकारी, म्हणजे तो स्वतः, डॉक्टर मरे लेव्हिक आणि भूशास्त्रज्ञ रेमंड प्रीस्टली. दुसऱ्या बाजूला अ‍ॅबट, ब्राउनिंग आणि डिकसन. एका बाजूला बोललेले दुसऱ्या बाजूला ऐकू येत नाही, असे समजायचे. हात लांबवला तर शेजाऱ्याला लागेल अशा जागेत हा नियम हास्यास्पद वाटतो. आम्हांलाही प्रथम वाटला. त्यात पॅरीच्या जहाजावरची पायरी दिसली. पण विचार करता असेही दिसते, की ही रेष खालच्या तिघांनाही अधिकाऱ्यांविषयी कुरकुर करण्याचा हक्क देत होती. सहा महिने एकमेकांच्या श्वासात राहणाऱ्यांना खाजगीपणा हवा होता आणि भिंत नव्हती.

इथे लेखनाचे नियतकालिक नव्हते, वाचनाचे होते. लेव्हिक रोज रात्री चरबीच्या दिव्याशी बसून डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'चे एक प्रकरण मोठ्याने वाची. मूळ कादंबरी १८४९-५० मध्ये मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली होती. इथे ती पुन्हा हप्त्यांत आली, महिन्याऐवजी रात्रीच्या. पाच जण झोपण्याच्या पिशव्यांत पडून ऐकत. पुस्तक सुमारे साठ रात्री पुरले. लेव्हिक अधिकाऱ्यांच्या बाजूला बसलेला होता. तो जे वाची, ते मात्र रेषेपलीकडे ऐकू येत होते, आणि येत नाही असे समजण्याचे कोणी सुचवले नाही.

केप इव्हान्सला अंक निघाला त्याच मध्यहिवाळ्याच्या दिवशी गुहेतही राखून ठेवलेल्या शिध्यातून गोड कोको झाला, गाणी झाली. दोन्हीकडच्यांना एकमेकांची खबर नव्हती. कालगणना मात्र दोन्हीकडे जुळली होती.

३० सप्टेंबरला ते सहाही जण गुहेतून बाहेर पडले आणि आजाऱ्यासह समुद्रावरच्या बर्फातून चालत ७ नोव्हेंबरला केप इव्हान्सला पोहोचले. झोपडीत दोनच माणसे होती. बाकीचे स्कॉटच्या शोधात दक्षिणेला गेले होते. चेरी-गॅरार्डही त्यांत होता. १२ नोव्हेंबरला त्यांना तंबू सापडला. आत तीन मृतदेह, आणि स्कॉटची रोजनिशी. तिच्यात मार्चच्या मध्यावरची एक नोंद आहे, जिच्यावर दोन तारखा आहेत. आज शुक्रवार की शनिवार, हे लिहिणाऱ्याला सांगता येत नव्हते, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. त्यानंतरही तो तारखा घालत राहिला. शेवटची तारीख २९ मार्चची आहे.