खात्रीचे गुणांकन : संगणकाधारित मूल्यमापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

वस्तुनिष्ठ चाचणीत योग्य पर्यायावर खूण केली की गुण मिळतो. ती खूण अभ्यासातून आली की अटकळीतून, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. ही उणीव संगणकाच्या आगमनापूर्वीच अभ्यासकांच्या ध्यानात आली होती. १९३२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केट हेवनर यांनी 'चूक की बरोबर' स्वरूपाच्या चाचण्यांतील अटकळीवर उपाय सुचविणारा प्रयोग प्रसिद्ध केला. उत्तराबरोबर त्याविषयीची खात्रीही नोंदवून घ्यावी, हा त्यातील विचार होता.

खरी अडचण खात्री नोंदविण्याची नव्हती, तिला गुण देण्याची होती. खात्रीच्या सरळ प्रमाणात गुण दिले आणि चुकीबद्दल तितकेच वजा केले, तर उत्तर बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक वाटणाऱ्यासही शंभर टक्के खात्री सांगणेच लाभाचे ठरते. अशी परीक्षा ज्ञान नव्हे, धाडस मोजते. या पेचावरचे गणित हवामानशास्त्रात आढळते. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये संभाव्यतेच्या रूपातील अंदाज पडताळण्यासाठी फरकाच्या वर्गावर आधारलेले सूत्र मांडले. त्यात मनातील संभाव्यता जशीच्या तशी सांगणेच हिताचे असते. इटालियन गणिती ब्रुनो द फिनेट्टी यांनी १९६५ मध्ये याच जातीच्या सूत्रांचा विचार बहुपर्यायी प्रश्नांच्या संदर्भात केला. तथापि प्रत्येक पर्यायाची संभाव्यता लिहून घेऊन तिचे वर्ग करीत बसणे सामान्य शिक्षकाच्या आवाक्यातले नव्हते.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक टोनी गार्डनर-मेडविन यांनी १९९० च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी संगणकावर राबविलेली पद्धती या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यात खात्रीच्या तीनच पायऱ्या आहेत. बरोबर उत्तरास अनुक्रमे १, २, ३ गुण. चुकल्यास ०, उणे २, उणे ६. या आकड्यांमुळे खात्री ६७ टक्क्यांहून कमी असता पहिली, ८० टक्क्यांपर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी पायरी निवडणे फायद्याचे होते. विद्यार्थ्याला कोणतेही सूत्र सोडवावे लागत नाही. उणे ६ हा दंड प्रथमदर्शनी कठोर वाटतो. परंतु औषधाची मात्रा निःशंकपणे चुकविणारा डॉक्टर आणि शंका येताच पुस्तक उघडणारा डॉक्टर यांना साध्या गुणपद्धतीत सारखाच शून्य मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागील हेतू उमगतो.

ही पद्धती भित्र्या विद्यार्थ्यांवर अन्याय करील, असा आक्षेप स्वाभाविक होता. त्यावर गार्डनर-मेडविन यांचा भर सरावावर राहिला : आपली खात्री कितपत विश्वसनीय आहे, हे विद्यार्थ्याने परीक्षेपूर्वीच संगणकावर वारंवार पडताळून पाहावे. गमतीची बाब अशी की हा सराव संगणकावर होत असताना तेथील परीक्षांत मात्र यंत्राने वाचावयाच्या कागदी उत्तरपत्रिकाच वापरल्या गेल्या.