पुलगावचे पाहुणे लँकेशायरमध्ये

परदेशात बिऱ्हाड थाटून राहिलेल्या माणसाला पोटाच्या नोकरीखेरीज आणखी एक बिनपगारी नोकरी करावी लागते. ती वाटाड्याची. गावाकडून कोणी आले, की त्यांना घेऊन हिंडायचे, ठरलेल्या जागी उभे करून फोटो काढायचे आणि संध्याकाळी पिठलेभात खाऊ घालायचा. आमचे बिऱ्हाड गेली पुष्कळ वर्षे इंग्लंडात मँचेस्टरच्या उत्तरेला, बोल्टन या गावी आहे. माझी फेरी ठरून गेलेली असे : विंडरमिअरचे तळे, चेस्टरची तटबंदी, लिव्हरपूलची गोदी. पाहुणे खूष होत आणि मलाही फारसे बोलावे लागत नसे.

२०१९ च्या उन्हाळ्यात मात्र ही फेरी मोडली. माझा एक बालमित्र आणि वहिनी पुलगावहून आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली. आम्ही दोघे एका बाकावर बसून शिकलो. मी पुढे कॉलेजात गेलो, आणि तो मॅट्रिक होताच विदर्भातल्या एका गिरणीत साच्यावर उभा राहिला. गिरणीचे नाव घेण्याचे कारण नाही. तीस वर्षांत तो उत्तम साचेवाला झाला आणि कानांनी थोडा अधू झाला. पुढे एके दिवशी गिरणीचे फाटक उघडलेच नाही. तेव्हापासून तो शेती पाहतो.

पहिल्याच सकाळी मी तळ्याचा कार्यक्रम सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "तळं राहू दे बावा. तळं आपल्या बोर धरणावर पाह्यलं मी. मले गिरन्या दाखव. आपला कापूस जिथं येत जाये, ते गाव दाखव."

वहिनी हसल्या. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढून माझ्या पत्नीच्या हाती दिला. घरच्या कापसाच्या, हाताने वळलेल्या फुलवाती होत्या. म्हणाल्या, "दिवाळीले लागतीन तुमाले. इथं कुठं भेटते?"

त्याच्या मागणीने मी थोडा खजील झालो. कारण ज्या बोल्टनमध्ये मी राहतो, तिथेच १७७९ साली सॅम्युअल क्रॉम्प्टनने 'म्यूल' हे सूत कातण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याचे जुने घर माझ्या घरापासून फार लांब नाही, आणि ते मी एकाही पाहुण्याला दाखवलेले नव्हते. जित्यांच्या वैभवाच्या खुणा आपणच का मिरवाव्या, असा काहीसा आडमुठेपणा मनात असावा.

परंतु पुलगावच्या माणसाने लँकेशायर पाहायला मागावे, याला खरोखरच इतिहासाचा आधार आहे. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले, आणि काळ्या मातीचा सगळा कापूसपट्टा त्यांच्या हाती आला. १८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठ्याला होते, आणि १८६६ साली ते पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्ध्याला गेले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला, पुलाजवळ स्टेशन झाले, आणि त्या पुलावरून गावाला नाव पडले, असे आमच्याकडे सांगतात. मग जिन-प्रेस आले, आणि शतक संपता संपता कापडगिरणीही उभी राहिली. १९१७ साली पुलगावहून आर्वीपर्यंत लहान रुळांची गाडी सुरू झाली. अवघ्या पस्तीस किलोमीटरांची ती लाईन कापसाच्या गाठी मोठ्या लाईनीवर आणून टाकण्यासाठीच घातलेली होती. लहानपणी त्या गाडीच्या संथपणावर आम्ही पुष्कळ विनोद केले. ती कोणासाठी धावते, हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नाही.

तर त्या दिवशी आम्ही प्रथम मँचेस्टरला गेलो. तिथे भर वस्तीत अब्राहम लिंकनचा पुतळा उभा आहे. "हा अमेरिकेचा मानूस इथं कायले?" असे मित्राने विचारले, आणि मला सगळी कथा सांगावी लागली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस तोपर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या मेहनतीतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इथली धुराडी थंडावली. १८६२ च्या हिवाळ्यात चार-पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. तशा स्थितीत, त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना आभाराचे उत्तर पाठवले. सगळे लँकेशायर काही त्या बाजूचे नव्हते. लिव्हरपूलचे कित्येक व्यापारी दक्षिणेसाठी जहाजे पाठवत होते. पण मँचेस्टरच्या त्या सभेची आठवण या पुतळ्यापाशी राहिली आहे.

याच दुष्काळात आपल्या कापसाचे नशीब उघडले. त्याला भाव असा आला, की मुंबईत पैशाचा पूर लोटला. मात्र लँकेशायरच्या कामगाराने आपल्या कापसाला मनापासून शिव्याच दिल्या. हिंदुस्थानचा कापूस इथे 'सुरत' या नावाने ओळखला जाई. धागा आखूड, त्यात माती आणि पानांचा चुरा. तो सारखा तुटे आणि कामगाराची मजुरी बुडे. प्रार्थनामंदिरात कोणी देवाकडे कापसाची याचना केली, तर मागून दुसरा ओरडे की देवा, पण सुरतचा नको, अशी गोष्ट सांगतात. पुढे भेसळीच्या कोणत्याही मालाला लोक 'सुरत' म्हणू लागले.

हे ऐकून मित्राचा चेहरा उतरला. "म्हंजे आपला कापूस वंगाळ?"

वहिनींनी मात्र लगेच उत्तर दिले, "पऱ्हाटीवरचा कापूस वंगाळ नसते जी. मंदात किती हात लागते ते पाहा नं."

वहिनींनी इतिहास वाचलेला नाही, पण नेमके बोट ठेवले. भाव चढला तसे मधले दलाल कापसात पाणी मारू लागले, रेती आणि सरकी मिसळू लागले. हा प्रकार इतका वाढला, की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. आपल्या भागात 'बनी' नावाचा, चांगल्या धाग्याचा जुना कापूस होता आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव व्यापारात आदराने घेतले जाई. त्याची जोपासना करण्यासाठी सरकारने मध्यप्रांत-वऱ्हाडावर रिवेट-कारनॅक नावाचा खास कापूस-कमिशनरही नेमला. पण अमेरिकेचे युद्ध १८६५ साली संपले आणि भाव कोसळला. लँकेशायर पुन्हा अमेरिकेकडे वळले. आपला कापूस पुढे युरोपातील इतर देशांत आणि जपानात अधिक जाऊ लागला. तिथे जाडेभरडे सूत चाले, म्हणून शेतकऱ्यांनी बनी सोडून 'जरी' ही जात धरली. तिचा धागा आखूड असला, तरी एकरी उतारा जास्त. कोणता शेतकरी याहून वेगळे करील?

जवळच मँचेस्टरचे रॉयल एक्स्चेंज आहे. एके काळी सुताकापडाचे हजारो व्यापारी तिथल्या प्रचंड दालनात जमत. १९६८ साली तो बाजार बंद झाला. आता तिथे नाट्यगृह आहे, पण वर भिंतीवर शेवटच्या दिवसाचे भाव तसेच राहू दिले आहेत. मित्र मान वर करून बराच वेळ ते आकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल पाहिली. १८९० च्या दशकात बांधलेली ही विणकामाची गिरणी वाफेवर १९८२ पर्यंत चालू होती. आज ते संग्रहालय आहे. तिच्या वाफेच्या एंजिनाचे नाव 'पीस', म्हणजे शांती. विणकामखात्यात तीनशेवर साचे ओळीने उभे आहेत. त्यांपैकी काही चालवून दाखवतात.

आत शिरताच मित्राची चालच बदलली. दोन ओळींमधल्या अरुंद वाटेने तो असा सराईतपणे गेला, की मी मागे राहिलो. मध्येच थांबून, थोड्या रागाने, तो मला म्हणाला, "आपल्या विनकराइचे आंगठे तोडले, तेच हे लोक नं?"

हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. मी त्याला माझ्या वाचनातले सांगितले. इंग्रजांनी विणकरांचे अंगठे छाटल्याचा त्या काळचा पुरावा सापडत नाही. विल्यम बोल्ट्स नावाचा कंपनीचाच एक माजी नोकर १७७२ च्या ग्रंथात जे लिहितो, ते वेगळे आहे. बंगालात कंपनीच्या गुमास्त्यांच्या जुलुमाला कंटाळून, रेशीम कातण्याची सक्ती चुकावी म्हणून, काही कारागिरांनी आपलेच अंगठे कापून घेतले, असे त्याचे म्हणणे. माझ्या मते ही गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक भयंकर आहे.

आणि पुढचे काम चाकूने नव्हे, जकातीने झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कापडावर विलायतेत जबर जकात होती, आणि विलायती कापड आपल्याकडे नाममात्र जकातीवर उतरत होते. पुढे आपल्याकडे गिरण्या निघाल्या, तेव्हा लँकेशायरच्या आग्रहावरून १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. तो १९२६ साली रद्द झाला. १९१३ साली ब्रिटनमधून सुमारे सात अब्ज वार कापड परदेशी गेले, त्यातले तीन अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात. एवढे कापड खपवायला कोणाचे अंगठे तोडावे लागत नाहीत.

तेवढ्यात साचे सुरू झाले आणि आमचे बोलणे बुडाले. साच्यावर एक वृद्ध इंग्रज विणकर होते. अशा खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून इथल्या कामगारांनी ओठांच्या हालचालींची आणि हातवाऱ्यांची एक भाषाच तयार केली होती. मित्राला इंग्रजी बेताचे येते आणि ऐकू त्याहून बेताचे. पण ते दोघे त्या गोंगाटात पाच-सात मिनिटे उत्तम बोलले. त्याने धोट्याकडे बोट दाखवून ओठांचा चंबू केला. म्हाताऱ्याने मान डोलावून छातीवर हात मारला आणि खोकल्याचा अभिनय केला. जुन्या धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यापायी सरकी-तंतूंचा चुरा आणि एकाचा रोग दुसऱ्याला, असे दोन्ही पोटात जाई. इंग्रजीत त्याला 'धोट्याचे चुंबन' असे गोड नाव आहे. साचे थांबल्यावर मी दुभाषी म्हणून पुढे झालो, पण आता काही सांगायचे उरले नव्हते.

वहिनींनी पदराआडून एक फुलवात काढली. प्रवासात कुठे देऊळ लागले तर असावी म्हणून जवळ ठेवलेली. म्हाताऱ्याने ती उकलली, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत चार तंतू ओढून पाहिले आणि बोटांनी माप दाखवले : आखूड! मित्र मोठ्याने हसला. कालचा अपमान या माणसाकडून त्याला चालला.

परतीच्या वाटेवर डार्वेनला थांबलो. दुरून दिसते ते इंडिया मिलचे धुराडे. १८६० च्या दशकातले, सुमारे तीनशे फूट उंच आणि व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवर सजवलेले. आपल्या देशाचे नाव गिरणीला द्यावे, इतका त्यांचा आपल्यावर लोभ होता!

पण मला दाखवायचे होते ते दुसरेच. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी २५ सप्टेंबर १९३१ च्या रात्री याच गावाच्या स्प्रिंगव्हेल भागात उतरले होते. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचा रोजगार गेला असे म्हणत, त्या कामगारांना भेटायला ते आपण होऊन आले. दुसऱ्या दिवशी ग्रीनफील्ड मिलच्या बायकांच्या घोळक्यात घेतलेले त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. त्याची प्रत मी बरोबर घेतली होती.

मित्राने ते हातात धरून विचारले, "यायचं काम गेलं, अन् ह्या हासून राह्यल्या?"

गिरण्या मंदावण्याला बहिष्कार हे एकच कारण नव्हते. जपानची स्पर्धा, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जागतिक मंदी, ही मोठी कारणे होती. पण गांधीजींनी त्या सबबीआड दडणे पत्करले नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे तीस कोटी माणसे वर्षातले सहा महिने रिकामी असतात, असा हिशेब त्यांनी समोरासमोर मांडला. ते ऐकून एक बेकार कामगार म्हणाला, की मी हिंदुस्थानात असतो, तर मीही हेच बोललो असतो. पुढे चार-पाच वर्षांत गांधीजी आमच्याच जिल्ह्यात, शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. तिथे चरखा फिरत होता, आणि आगगाडीने अर्ध्या तासावरच्या पुलगावात भोंगा वाजत होता.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग छायाचित्र माझ्याकडे परत देत म्हणाला, "आमची गिरनी बंद पडली, तवा फाटकावर आमी तीन दिवस उभे होतो. कोनी आलं नाही सांगाले."

गाडीत बसल्यावर वहिनींनी त्याला पाण्याची बाटली दिली. बोल्टन येईपर्यंत कोणी बोलले नाही.

आता आमचे पाहुणे तळेही पाहतात आणि गिरणीही. वातींचा डबा जपून वापरला, तरी दोन दिवाळ्यांत संपला. परवा फोनवर पत्नीने वहिनींकडे आणखी मागितल्या. त्या म्हणाल्या, "पाठवत नाही जी. या, अन् घेऊन जा. आमीबी तुमाले पुलगाव फिरवतो."