कोटीत एक

२८ फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, हे आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. पण १९२८ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना नेमकं दिसलं काय, ते त्या पाठांतरात हरवतं. एकाच रंगाचा प्रकाश एखाद्या द्रवावर सोडला, तर विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. किती थोडा? साधारण कोटी फोटॉनांमागे एक! आणि रंग किती बदलणार हे त्या रेणूतले बंध कसे थरथरतात यावर ठरतं. म्हणजे हा रेणूच्या बोटाचा ठसाच झाला. फक्त फार फिकट.

हा ठसा सहज घेता यावा यासाठी भगभगीत एकरंगी प्रकाश हवा होता. तो मिळाला १९६० मध्ये, अमेरिकेत मेमनने पहिला लेसर चालवला तेव्हा. आणि मंडळी, योगायोग बघा. त्याच साली बेल्जियममध्ये पॉल यान्सनने फेंटानिल बनवलं. मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट जोरदार वेदनाशामक, आणि त्याला अफूचं शेत लागत नाही. ऑपरेशन थिएटरात ते आजही वापरतात. चोरून बनवणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला तिथून पुढे घोळ झाला.

१९७९ च्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत काही माणसं मेली. लक्षणं सगळी हेरॉइनची, पण तपासणीत हेरॉइन सापडेना. रस्त्यावर त्या पावडरीला ‘चायना व्हाइट’ म्हणत. अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी शेवटी तिचं कोडं सोडवलं आणि १९८१ मध्ये ते छापून आलं. अल्फा-मिथाइल-फेंटानिल! मूळ रेणूला एक मिथाइल गट जास्त चिकटवलेला, बस. यंत्र आलेला ठसा आधीच्या साठ्याशी ताडून बघतं. डेटाबेसमध्ये एंट्रीच नसेल तर क्वेरी काय कपाळ परत देणार?

पुढे लेसर लहान झाले आणि रामनचा प्रयोग पोलिसांच्या हातात मावू लागला. पिशवी न फोडता, प्लॅस्टिकमधूनच आतली पावडर ओळखायची. भारीच की! पण जरा हिशोब करू. फेंटानिलचे २ मिलिग्रॅमसुद्धा जीव घेऊ शकतात असं तेच अमेरिकन खातं सांगतं. गोळी १०० मिलिग्रॅमची धरली, तर हे झाले २ टक्के. आणि भेसळीच्या पावडरीत साधारण ५ टक्क्यांच्या खाली गेलं की या यंत्रांना फेंटानिल दिसेनासं होतं. त्यात तपकिरी हेरॉइन लेसरखाली स्वतःच चमकतं, मग तो कोटीतला एक फोटॉन शोधायचा कुठे? थोडक्यात, ज्या गुणामुळे हे औषध मारतं (चिमूटभरही फार होतं), त्याच गुणामुळे ते लपतं. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत अशा कृत्रिम ओपिऑइडमुळे ७० हजारांहून जास्त लोक गेले.

यावर एक तोड १९७४ पासूनच पडून होती. साउदम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडीनचा रामन ठसा घेतला, तो अनपेक्षित ठळक आला. त्यांना वाटलं, पृष्ठभाग वाढला म्हणून. १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की तेवढ्याने भागत नाही, चांदीजवळ रेणूचा संकेत लाखो पटींनी वाढतोय. (हाच तो फ्लाइशमन, ज्याने १९८९ मध्ये ‘कोल्ड फ्यूजन’चा गोंधळ घातला. असो.) चांदीचे सूक्ष्म कण नमुन्यात मिसळले की ती चमकही दबते, आणि हेरॉइनमधलं लेशमात्र फेंटानिलही पकडता येतं. पण कण दरवेळी सारखे बनत नाहीत, नमुना विरघळवावा लागतो, आणि पिशवी न फोडण्याची सोय जाते.

व्हँकुव्हरमध्ये २०१७ पासून पावडर घेणाऱ्यांनाच ती तपासून देतात. तिथे रामनचं भावंड, म्हणजे इन्फ्रारेड यंत्र, आणि शेजारी कागदाची साधी पट्टी. यंत्र पावडरीत मुख्य काय काय आहे ते सांगतं, पट्टी फेंटानिलबद्दल फक्त हो किंवा नाही. पण यंत्राला जे दिसत नाही ते ही स्वस्त पट्टी पकडते, म्हणून यंत्र कोरं निघालं तरी पट्टी बुडवतातच.