परीलोकाची वाट आणि लिंगोची गुहा

नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय वाडीतील आपल्या कुटुंबांना परिचित आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला ज्यांचे नाव दिले गेले, ते स्टीफन हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते. १८४५ साली ते नागपुरास आले. शिक्षक आणि भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती आहे; परंतु त्यांचे एक कार्य काहीसे विस्मृतीत गेले आहे.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. याच परगण्यातील अर्सिल्डून, म्हणजे आजचे अर्लस्टन, हे तेराव्या शतकातील थॉमस या कवीचे गाव. थॉमसचे कथागीत स्कॉटलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले. एल्डन टेकड्यांपाशी परीलोकाची राणी त्याला भेटते आणि तीन वाटा दाखविते. काट्यांची अरुंद वाट धर्माची, रुंद व रमणीय वाट अधर्माची. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या वाचकाला या दोन्ही ओळखीच्या वाटतील. तिसरी वाट मात्र परीलोकाची! सात वर्षांनी थॉमस परततो तो खोटे न बोलणारी जीभ घेऊन. टॅम लिनच्या कथागीतात तर पऱ्यांनाही दर सात वर्षांनी नरकाला खंडणी द्यावी लागते. त्यांच्या तावडीतील प्रियकराला जॅनेट घट्ट धरून ठेवते आणि सोडविते. ख्रिस्ती समाजाने आपल्या जुन्या लोककथा टाकून दिल्या नाहीत. त्या श्रद्धेच्या शेजारी नांदत राहिल्या.

ही गीते टिकली ती घरातील स्त्रियांच्या मुखी. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८०२-०३ मध्ये सरहद्दीवरील कथागीतांचा संग्रह छापला, तेव्हा थॉमसच्या गीतासाठी त्यांना ॲना ब्राऊन या धर्मोपदेशकाच्या पत्नीच्या पाठाचा उपयोग झाला. तिने ही गाणी बालपणी घरातच ऐकली होती.

अशा मुलखातून आलेल्या हिस्लॉप यांनी मध्य भारतात गोंडांची गाथा ऐकली आणि एका परधानाच्या मुखातून ती उतरवून घेतली. या गाथेत महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुहेत कोंडून तोंडाशी प्रचंड शिळा लावतो. केवळ चौघे निसटतात. लिंगो या चौघांचा भाऊ होतो. परंतु खोट्या आरोपामुळे तेच त्याचा वध करतात. अमृताने तो पुन्हा उठतो, काट्यांवर तप करतो, सर्प मारून बिंदो पक्ष्याची पिले आणतो आणि बंदिवानांना मुक्त करतो. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेशी गोंड समाज ही मुक्तिकथा जोडतो. माघ पौर्णिमेला तेथे यात्रा भरते.

बाजूला सारलेली शिळा, बांधवांकडून झालेला घात, पुन्हा जिवंत होणे, हे वाचून ख्रिस्ती मनाला पवित्र शास्त्र आठवणे स्वाभाविक आहे. तरीही लिंगो हा गोंडांचा लिंगोच आहे. साम्य दिसते म्हणून त्याच्यावर आपला अर्थ लादणे योग्य नव्हे.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. गोंडी शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ त्यात जपला गेला. शुभवर्तमान सांगण्यास आलेल्या माणसाने आधी दुसऱ्याचे ऐकून घेतले, म्हणून ती गाथा आज आपल्याला वाचता येते. गाणाऱ्या परधानाचे नाव मात्र सर्वांच्या ओठी राहिले नाही, ही खंत आहे.

आपल्या धर्मग्रामातही लग्नातील जुनी गाणी, ओव्या आणि मूळ गावाच्या कथा सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत. ती आहेत तोवर त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि सांगणाऱ्याचे नावही खाली अवश्य लिहावे.